लॉनवरचा पहिला स्वागत समारंभ

प्रश्न : महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनांत मी तीन वर्षे गाणी वाजवत आहे. पुढच्या महिन्यात मित्राच्या बहिणीच्या स्वागत समारंभात प्रथमच डीजे म्हणून काम करायचे आहे. जागा उघड्या लॉनची, कन्सोल (गाणी एकमेकांत मिसळून वाजवण्याचे यंत्र) माझा, बाकी साउंड भाड्याचा. कोणती तयारी करावी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : स्नेहसंमेलनाला मुले नाचायलाच येतात, स्वागत समारंभात मात्र पहिले दोन तास नवरा-नवरीला भेटण्याच्या रांगेत आणि जेवणात जातात, आणि कित्येक वर्षांनी भेटलेल्या आत्या-मावश्यांना त्या वेळी एकमेकींचे बोलणे ऐकू यायला हवे असते. म्हणून तुमची सर्वांत लांब यादी नाचाच्या गाण्यांची नव्हे, तर सनई, बासरी, संतूर आणि जुन्या संथ गीतांची असू द्या. नव्या डीजेची खरी पारख याच दोन तासांत होते, असे मला मनापासून वाटते.

वेळेचा हिशेब शेवटाकडून मांडा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंदिस्त सभागृहाला मिळणारी सवलत लॉनला लागू होत नाही. तेव्हा नाच साडेआठला सुरू व्हायला हवा, हे यजमानांना आठवडाभर आधीच सांगा, ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी कोण काढणार तेही विचारा, आणि फर्माइशींबाबत घरातल्या एकाच व्यक्तीचा शब्द अंतिम राहील असे ठरवून घ्या.

भाड्याचा साउंड उजेड असतानाच वाजवून पाहा. वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण कन्सोल बंद पडतो आणि पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो. त्यासाठी लहानसा यूपीएस जवळ ठेवा. गाणी इंटरनेटवरून वाजवू नका, ती लॅपटॉपवर आणि शिवाय एका पेन ड्राइव्हवर ठेवा. मिक्सरवर लाल दिवा लागू लागला की आवाज वाढत नाही, फाटतो, आणि त्यात स्पीकरही जळू शकतो. शुभेच्छा देणारे काका माइक घेऊन स्पीकरसमोर आले की शिट्टी वाजते. त्यांना बोलण्यासाठी स्पीकरच्या मागच्या बाजूची जागा द्या आणि ते बोलत असेपर्यंत माइकच्या फेडरवरून, म्हणजे आवाज कमी-जास्त करण्याच्या सरकपट्टीवरून, हात काढू नका.

शेवटचे गाणे नवरा-नवरीला आधीच विचारून ठेवा आणि ते पावणेदहाला लावा.