दम्याच्या पेशंटला मुंबईहून कोकणात कायमचं न्यावं का? तिकडे प्रदूषण नसतंच ना?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना दमा आहे, बीपीची गोळी पण चालू आहे, मुंबईतला धूर आणि आवाज त्यांना सोसत नाही म्हणून गुहागरकडे घर बघताय. माझं उत्तर असं की न्या, पण गावाचं नाव बघून नको, जागा बघून न्या. माझं मेडिकल आहे संगमेश्वर तालुक्यात हायवेला लागून आणि माहेर गुहागरला, त्यामुळे खोकल्याचं औषध मागायला येणारी माणसंही बघते आणि समुद्रही. मला दिसतं ते असं की आमच्याकडचा दिवस अजून खूप चांगला आहे, बिघडत चाललीय ती रात्र. आणि तुमच्या वडिलांचा दमा, झोप, बीपी, सगळ्याचा संबंध रात्रीशीच येतो.

आधी हवा. दिवसा समुद्राकडून खारे वारे सुटतात आणि धूर, धूळ काय असेल ते ढवळून नेतात, दुपारी किनाऱ्यावर उभं राहिलं की छाती भरून श्वास येतो तो खराच असतो. पण संध्याकाळी वारा पडतो, रात्री जमिनीकडून येणारे मतलई वारे अगदी हलके, आणि थंडीत जमीन पटकन गार होते मग खालची हवा गार आणि वरची उबदार, त्यामुळे धूर वर जातच नाही, टोपावर झाकण ठेवावं तसा वाडीवरच कोंडून राहतो. आणि नेमका त्याच वेळी धूर होतो ना. संध्याकाळी परड्यातला पाला आणि त्याच्याबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या, दुधाच्या पुड्या सगळं एकत्र पेटवतात कारण बऱ्याच गावांत कचरा न्यायला गाडीच येत नाही, मग सकाळी आंघोळीच्या पाण्याची चूल पेटते. सकाळी आठ-नऊपर्यंत खोऱ्यातल्या वाडीत जो पांढरा थर दिसतो त्याला सगळे धुकं म्हणतात, त्यात धूर किती असतो ते वासावरून कळतं. म्हणून वडिलांना पहाटे साडेपाचला फिरायला पाठवू नका! ऊन वर आल्यावर जाऊ दे, नाहीतर दुपारी चारनंतर दिवेलागणीच्या आधी.

धूळ आणि धूर यात फरक आहे हे पण सांगते कारण दुकानात सगळे दोन्ही एकच धरतात. चिरेखाणीची लाल धूळ, खडीच्या क्रशरची धूळ, हायवेच्या चौपदरीकरणाची धूळ (वर्षानुवर्षं चाललंय ते), ही बरीचशी जाड असते, नाकात घशात आणि मोठ्या श्वासनलिकांत अडकते, दमा उठवायला तेवढी पुरते. धुरातले कण त्याहून खूप बारीक, अडीच मायक्रॉनच्या आतले म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचवीस-तीस पट बारीक, ते फुफ्फुसाच्या पार शेवटच्या पिशव्यांपर्यंत जातात आणि त्यातले सगळ्यात बारीक रक्तातही उतरतात, म्हणून धुराचा त्रास फक्त खोकल्यावर थांबत नाही, हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोकाही वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या बारीक कणांची वर्षाची सरासरी एका घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅमच्या वर नको असं सांगितलं, आपल्या देशाची मर्यादा आहे ४०. तेव्हा हवेची गुणवत्ता दाखवणाऱ्या ॲपवर हिरवा रंग दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका, तो आकडा बरेचदा लांबच्या स्टेशनवरून नाहीतर सॅटेलाईटवरून अंदाजाने काढलेला असतो, शेजारच्या परड्यात काय जळतंय ते त्याला कळत नाही.

काजूच्या फॅक्टरीजवळ तर घर बिलकुल घेऊ नका. टरफलातलं तेल हाताला लागलं तरी चामडी सोलते आणि तीच टरफलं भट्टीत जाळली की धूर डोळ्याला आणि घशाला झोंबतो. उन्हाळ्यात भाजावळ पण असते, भाताचा तरवा म्हणजे रोपं करायच्या जागी पाला-कवळं जाळतात, ती थोड्या दिवसांची आणि शेतकऱ्याच्या गरजेची आहे, तिच्यावर मी राग धरत नाही, तेवढे दिवस खिडक्या बंद ठेवायच्या.

आता आवाज. कायद्यात राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, २००० सालचा नियम आहे हा. डेसिबल साध्या बेरजेने चढत नाही, दहा वाढले की आवाजाची ताकद दहापट होते, म्हणजे रात्री ७५ चा डीजे मर्यादेच्या हजारपट झाला! लग्नसराईत एखाद्या हॉलच्या जवळ घर असलं की मे महिनाभर हेच. लोक म्हणतात सवय होते. कानाला होत असेल, हृदयाला होत नाही. झोपेतही आवाज आला की शरीर ताणाची हार्मोन्स सोडतं, नाडी वाढते, आणि रात्री बीपी जे थोडं खाली यायला हवं ते नीट येत नाही, वयस्कर माणसाला हे फार महागात पडतं. शिमग्याला पालखी घरी आली की ढोल वाजणारच आणि वाजावाच, तो वाजून थांबतो, माणसाच्या हाताला दम लागतो. मशीनला लागत नाही. हायवेच्या घाटातले ट्रक, रिसॉर्टचा जनरेटर, हे रात्रभर चालू. पहिल्या पावसात रस्त्याकडेच्या खाचरात बेडूक ओरडतात ते नर मादीला बोलावत असतात, ट्रकच्या घरघरीत ती हाक पोचणार कशी?

आणि उजेड. याबद्दल कोणी बोलतच नाही, उलट दिवे लागले म्हणजे गाव सुधारलं असं समजतात. अंधार पडला की मेंदूतून मेलाटोनिन सुटायला लागतं, त्याने झोपेचं घड्याळ लागतं, आणि पांढऱ्या एलईडीत जो निळा भाग जास्त असतो तोच मेलाटोनिन सगळ्यात जास्त दाबतो. खिडकीसमोर रस्त्याचा पांढरा दिवा असला तर माणूस आठ तास पडून राहतो पण सकाळी ताजा उठत नाही. झोपेच्या गोळ्या मागायला येणाऱ्यांना मी आधी विचारते, खोलीत उजेड येतो का? कितीतरी जण म्हणतात हो येतो की, समोरच पोल आहे.

पण माणसाला निदान पडदा लावता येतो. समुद्री कासवांना काय? ऑलिव्ह रिडले थंडीत आमच्या किनाऱ्यावर रात्री अंडी घालायला येतात, वेळास, आंजर्ले, गुहागर, बरीच गावं आहेत. वाळूवर झगझगीत उजेड असला तर मादी न घालताच परत फिरू शकते. पिल्लं साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी बाहेर येतात, मोकळ्या किनाऱ्यावर रात्री समुद्राकडचं क्षितिज जास्त उजळ असतं म्हणून ती तिकडे धावतात, एवढंच त्यांना ठाऊक असतं. मागे हॉटेलचा फ्लडलाईट असला की ती उलटी जमिनीकडे जातात, मग कुत्रे, कुर्ल्या, आणि सकाळी ऊन आणि कावळे. कासवमित्र आणि वनखातं अंडी उचलून कुंपणाच्या हॅचरीत ठेवतात म्हणून बरीच वाचतात, पण जे घरटं नजरेतून सुटलं त्याला कोण? २०२३ मध्ये गुहागरला दोन माद्यांना सॅटेलाईट टॅग लावले होते, त्यातली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. एवढा समुद्र कापू शकणारा जीव जन्माच्या रात्री एका हॉटेलच्या दिव्यापायी मरावा, मला हे बघवत नाही.

काजव्यांचंही तेच. मिरगाच्या आधी आमच्या ओढ्याकाठी झाडं लुकलुकायची, नर चमकतो, मादी चमकून उत्तर देते, मग त्यांची भेट. पोल आले त्या बाजूला आता तुरळक दिसतात, मागच्या अंधाऱ्या बाजूला अजून आहेत. आणि समुद्रात एलईडी लावून मासळी गोळा करतात ते तर २०१७ पासून बंद आहे, कागदावर. रात्री किनाऱ्यावरून बघा, लांबवर समुद्रात गावच्या गाव उजळल्यासारखं दिसतं, आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्याच्या हाती काय येतं ते त्यालाच विचारा.

यातला उजेडाचा त्रास कमी करणं सगळ्यात सोपं आहे कारण बटण बंद केलं की तो त्याच क्षणी संपतो, हवेसारखं थांबायला लागत नाही. तुम्ही घर घेतलंत तर समुद्राच्या बाजूला दिवा लावूच नका, अंगणात लागलाच तर पिवळट, कमी वॅटचा, वरून झाकलेला, फक्त पायाखाली पडेल असा. वडिलांच्या खोलीला जाड पडदा.

जागा बघताना हायवे, क्रशर, चिरेखाण, काजू फॅक्टरी, लग्नाचा हॉल, यांच्यापासून लांब बघा, आणि खोलगट वाडीपेक्षा थोडी उंचावरची, वारा लागणारी. एजंट तुम्हाला दुपारी नेईल, तुम्ही रात्री दहाला आणि सकाळी सातला परत जाऊन या. विकत घ्यायच्या आधी भाड्याने राहून बघा, जानेवारीत एकदा आणि जुलैत एकदा, कारण पावसात भिंतींना बुरशी धरते आणि कितीतरी दमेकऱ्यांना धुरापेक्षा तिचाच त्रास जास्त होतो, ही गोष्ट मुंबईहून येणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. त्यांच्या डॉक्टरांना विचारून इन्हेलर आणि स्पेसरचा (इन्हेलरला लावायची नळी) जास्तीचा सेट जवळ ठेवा, ऑक्सिजन असलेला दवाखाना किती मिनिटांवर आहे ते रात्रीच्या वेळी गाडी चालवून बघा, आणि नेब्युलायझर वापरत असाल तर इन्व्हर्टर आधी बसवा, पावसात आमच्याकडे लाईट गेली की कधीकधी दुसऱ्या दिवशीच येते.