चागासची लागण असताना घड्याळात एचआरव्ही कमी दिसला, तर हृदयाला धोका आहे असं समजायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बोलिव्हियात राहणाऱ्या तुमच्या भावाला रक्तदानाच्या वेळी चागासची, म्हणजे हृदयालाही इजा करू शकणाऱ्या एका परजीवीच्या आजाराची, लागण असल्याचं कळलं. ईसीजी नॉर्मल आला, पण मनगटावरचं घड्याळ हार्ट रेट व्हेरिएबिलिटी (एचआरव्ही, म्हणजे लागोपाठच्या ठोक्यांमधल्या अंतरातला चढउतार) कमी दाखवतंय. ही हृदय निकामी होण्याची सुरुवात आहे का?

कमी आकड्यावरून तसं म्हणता येत नाही. आणि उद्या तोच आकडा एकदम वाढला, तर तेवढ्यावर निर्धास्तही होऊ नका. होल्टरच्या, म्हणजे अंगावर लावून दिवसभर ईसीजी टिपणाऱ्या यंत्राच्या, नोंदी तपासणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे हे दुसरं मला जास्त कळकळीनं सांगायचंय.

आधी पहिलं. आपण श्वास आत घेतो तेव्हा ठोके किंचित जवळ येतात, सोडतो तेव्हा लांबतात. हा झोका व्हेगस नावाच्या नसेमुळे असतो. चागासचा परजीवी हृदयात शिरला की स्नायूबरोबर तिथल्या चेतापेशींचंही नुकसान होतं. ब्राझीलमधल्या रिबेराओ प्रेटो इथं फ्रिट्झ कोबर्ले यांनी १९५० च्या दशकात मृत रुग्णांच्या हृदयातल्या या पेशी अक्षरशः मोजल्या, आणि त्या खूप घटलेल्या आढळल्या. म्हणूनच काही रुग्णांत हृदयाचं पंपिंग अगदी चांगलं असतानाही हा झोका मंदावलेला दिसतो. तेव्हा तुमची शंका निराधार नाही. पण वय, ताप, अपुरी झोप, दारू यांनीही आकडा खाली येतो, आणि घड्याळाला त्यातलं कारण ओळखता येत नाही.

शिवाय नस दुबळी होणं आणि जीव धोक्यात असणं या वेगळ्या गोष्टी. चागासमध्ये अचानक मृत्यू येतो तो बहुतेक वेळा स्नायूत पडलेल्या वणांमधून उठणाऱ्या वेड्यावाकड्या ठोक्यांमुळे. अनिस रासी (ज्युनिअर) आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये जोखमीची गुणपद्धती मांडली. त्यात सहा गोष्टी आहेत: धाप लागण्याची तीव्रता, छातीच्या एक्स-रेत वाढलेलं हृदय, इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाच्या भिंतीच्या हालचालीतला दोष, होल्टरवर वेगवान व्हेंट्रिक्युलर (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणाऱ्या) ठोक्यांची छोटी लड, ईसीजीत क्यूआरएसची (प्रत्येक ठोक्याच्या टोकदार लाटेची) कमी उंची, आणि पुरुष असणं. २० पैकी ६ पर्यंत गुण असलेल्या गटात दहा वर्षांतले मृत्यू १० टक्के होते, १२ किंवा त्याहून जास्त गुणांच्या गटात ८४ टक्के. या यादीत एचआरव्ही नाही.

आता ते दुसरं. समजा ठोके ८०० मिलिसेकंदांच्या अंतरानं पडताहेत आणि लागोपाठच्या अंतरांत फरक जेमतेम १० चा आहे. म्हणजे झोका जवळपास सपाट. मध्येच एक जादा ठोका ५०० वरच पडतो आणि मागून ११०० चा लांब विराम येतो. मिनिटाच्या ७५ ठोक्यांत असा एकच ठोका आला, तरी आरएमएसएसडी (लागोपाठच्या अंतरांतल्या फरकांवरून काढलेला एचआरव्हीचा आकडा) १० वरून सुमारे ८६ वर उडी मारतो! बहुतेक घड्याळं दाखवतात तो आकडा हाच किंवा याच्या जवळपासचा. चागासमध्ये असे जादा ठोके सर्रास दिसतात. ज्याची सर्वात जास्त काळजी करायची, तीच गोष्ट आकडा छान करून दाखवते. म्हणून होल्टर वाचताना आम्ही एकेक जादा ठोका बाजूला काढतो आणि मगच हिशेब करतो. एट्रियल फिब्रिलेशन (ठोके पूर्णपणे अनियमित पडण्याचा विकार) किंवा पेसमेकर असेल, तर हा हिशेबच गैरलागू ठरतो.

२४ तासांच्या एसडीएनएनसाठी (दिवसभरातल्या सगळ्या अंतरांचा चढउतार सांगणारा एचआरव्हीचा दुसरा आकडा) ५० आणि १०० मिलिसेकंद या सीमा तुम्ही कुठं तरी वाचल्या असतील. त्या हार्ट अटॅकनंतरच्या रुग्णांवरून आलेल्या आहेत, चागासला तशाच लावू नका.

मग करायचं काय? भावाला इकोकार्डिओग्राम आणि २४ तासांचं होल्टर करून घ्यायला सांगा, आणि ईसीजी दरवर्षी. परजीवीवरच्या बेन्झनिडाझोलबद्दलही डॉक्टरांशी आत्ताच बोलायला हवं: २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, हृदयाला आधीच इजा झालेल्या रुग्णांमध्ये या औषधानं परजीवी घटले, पण हृदयाची घसरण थांबली नाही. तुमच्या भावाचा ईसीजी अजून चांगला आहे, म्हणून ही वेळ हातची घालवू नका. आणि त्याला कधी भोवळ येऊन शुद्ध हरपली किंवा छातीत एकदम धडधड सुरू झाली, तर घड्याळात काय दिसतंय ते पाहत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.