लिक्विड बदललं तरी डास तेच: वाचकांचे प्रश्न

पावसाला सुरुवात झाली की या सदरात डासांची पत्रं येतातच, पण यंदा बऱ्याच जणांची तक्रार एकच आहे, औषधाला डास दाद देत नाहीत. म्हणून हा अंक त्याच्यासाठीच.

ताई, आम्ही संध्याकाळी सहाला दारं लावून मशीन लावतो. पूर्वी डास पटापट पडायचे, आता मशीनच्या वरच भिंतीला बसलेले असतात. तीन कंपन्यांची लिक्विडं बदलून झाली. भेसळ असते की डासांना सवय झाली?
— एक गृहिणी, गुहागर

वहिनी, आधी त्या तिन्ही बाटल्या घ्या आणि मागचं बारीक अक्षर वाचा. ट्रान्सफ्लुथ्रिन, प्रॅलेथ्रिन, मेटोफ्लुथ्रिन, कॉइल असेल तर अ‍ॅलेथ्रिन, असं काहीतरी दिसेल. ही सगळी एकाच घराण्यातली औषधं, पायरेथ्रॉइड म्हणतात त्यांना. म्हणजे कंपनी बदलली, वास बदलला, पण औषधाची जात तीच राहिली.

आता सवयीचं. एका डासाला सवय होत नाही, त्याचं आयुष्यच मुळात काही आठवड्यांचं. होतं काय, हजारात दोनचार डास जन्मतःच थोडे वेगळे असतात आणि औषधातून वाचतात, बाकीचे मरतात, मग पुढची अंडी घालायला हेच वाचलेले उरतात. यालाच रेझिस्टन्स म्हणतात. पावसाळ्यात अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, तेव्हा एका सीझनमध्ये किती पिढ्या होतात बघा.

हे वेगळेपण असतं मज्जातंतूंमध्ये. तिथे सोडियम आत घेणारं एक बारीकसं दार असतं, ते उघडतं आणि लगेच मिटतं. पायरेथ्रॉइड ते दार उघडंच अडकवून ठेवतं, मग नसा थांबायचं नावच घेत नाहीत, डास थरथरतो आणि उलटा पडतो. काही डासांच्या जनुकात एकच छोटा बदल असतो आणि त्यामुळे औषध त्या दाराला नीट चिकटतच नाही. काहींच्या पोटात औषध तोडून टाकणारी एन्झाइम्स जास्त बनतात. काहींची कातडीच जाड असते.

आणि खरी वाईट गोष्ट म्हणजे डीडीटीसुद्धा त्याच दारावर काम करतं. आपल्याकडे १९५३ साली हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, १९५८ ला त्याचंच नाव निर्मूलन कार्यक्रम झालं, गावोगाव भिंतींवर डीडीटी फवारलं आणि साठच्या दशकात हिवताप खरंच खूप खाली आला. १९७६ मध्ये तो परत ६४ लाखांवर गेला. कारणं बरीच होती, पैसा कमी पडला, फवारणीत ढिलाई आली, पण डीडीटी पचवणारे डास हे त्यातलं एक मोठं कारण. त्यामुळे पायरेथ्रॉइड आलं तेव्हा त्यातून वाचण्याची अर्धी तयारी काही डासांची आधीच झालेली होती!

एखादा डास रेझिस्टंट आहे हे ठरवतात कसं?
— बीएस्सीचा विद्यार्थी, चिपळूण

जागतिक आरोग्य संघटनेची साधी पद्धत आहे. प्लास्टिकच्या नळीत आतून औषध लावलेला कागद असतो, त्यात वीस-पंचवीस माद्या तासभर ठेवायच्या, मग स्वच्छ नळीत हलवायच्या आणि वर साखरपाण्याचा कापूस ठेवायचा. २४ तासांनी मोजायचं. उताणी पडून नुसते पाय झाडणारी, उडता न येणारी मादीसुद्धा मेलेल्यातच धरतात. ९८ टक्के किंवा जास्त मेल्या तर औषध चालतं, ९० च्या खाली गेलं तर रेझिस्टन्स पक्का. सोबत साध्या कागदाची नळी ठेवावीच लागते, नाहीतर डास औषधानं मेले की उकाड्यानं, कळणार कसं?

आंब्यावर तुडतुड्यासाठी मारतो ते औषध उरतं. घरामागच्या गटारात आणि गोठ्यात मारलं तर चालेल ना? दुकानदार म्हणतो दोन्ही एकच.
— एक बागायतदार, देवगड

काका, अजिबात नको, हात जोडून सांगते. जात एक असली तरी शेतीच्या औषधाची तीव्रता, त्यातला द्रावक, डोस सगळं वेगळं असतं. गोठ्यात गुरं असतात, मुलं खेळत येतात, गटार शेवटी ओढ्याला मिळतं आणि तिथले मासे मरतात, म्हणजे डासांच्या अळ्या फुकटात खाणारेच आपण मारतो.

दुसरं असं की मोहोराच्या वेळी आपण डेल्टामेथ्रिन, लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन मारतो ना, तेही पायरेथ्रॉइडच. बागेतून ते थोडं थोडं करून डबक्यात, डोणीत उतरतं आणि तिथल्या सगळ्या अळ्या मरण्याइतकं नाही, पण औषध पचवणाऱ्याच मागे उरतील इतकं मिळतं. शेतीच्या फवारणीमुळे डासांत रेझिस्टन्स वाढतो हे बऱ्याच देशांत दिसलंय. बाग सोडा असं मी म्हणणार नाही, पोट त्यावर आहे, पण वेळापत्रकाबाहेरची एक जादा फवारणी वाचली तरी फायदा आहे. उरलेलं औषध ओतू नका, मापातच बनवा.

आमच्या बंदरात डेंग्यूचे पेशंट निघाले, पण ग्रामपंचायत फॉगिंग करत नाही. काय करावं?
— मच्छीमार, हर्णै

दादा, तुमचा राग कळतो, पण धूर फक्त उडत्या आणि त्याच्या वाटेत आलेल्या डासाला मारतो. डेंग्यूचा एडिस दिवसा चावतो आणि बाकी वेळ कपाटामागे, खाटेखाली, लटकवलेल्या कपड्यात बसून राहतो, धुराची गाडी आली की आपण दारं लावून घेतो म्हणजे त्यालाच वाचवतो. पाण्यातल्या अळीला धुराचं काहीच होत नाही, दोन दिवसांत नवे डास हजर. साथीत फॉगिंगचा उपयोग आहे, पण जोडीला पाणी काढलं तरच.

ग्रामपंचायतीकडे मागणी करा, पण त्याआधी किनाऱ्यावर एक चक्कर मारा. मासेमारी बंद असताना होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात आणि कडेला जुने टायर बांधलेले असतात. टायरच्या पोटात टॉर्च मारा, उजेड पडला की अळ्या वळवळत खाली जातात, वाटीभर पाण्यात शंभरेक सुद्धा असतील. पाणी ओतलं म्हणजे काम संपलं असं नाही, एडिस अंडी पाण्याच्या किंचित वर चिकटवतो आणि ती सुकी पडूनही महिनोन्महिने टिकतात, पुढच्या पावसात परत फुटतात. म्हणून टायरला खालून भोक पाडा, पिंप आणि रांजण काथ्यानं घासून काढा. शहाळ्याच्या करवंट्या, पोफळीच्या विऱ्या, ताडपत्रीच्या घड्या, हे आठवड्यातून एकदा बघायचंच. या कामाला रेझिस्टन्स कधीच येत नाही, म्हणून मी त्याच्या इतकी मागे लागते.

विहिरीत औषध टाकावं का? आणि तान्ह्या बाळाला मशीन चालेल?
— नवी आई, मालवण

पिण्याच्या विहिरीत स्वतःच्या मनानं काहीच टाकू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात गप्पी माशांची चौकशी करा, ते अळ्या खातात. बीटीआय नावाची जिवाणूंची पावडरही असते, अळीनं खाल्ली की तिची आतडी फुटतात, त्यात एकापेक्षा जास्त विषं असल्यानं डासांना ती पचवणं अवघड जातं. पण कुठे आणि किती टाकायचं ते आरोग्य सेवकालाच ठरवू द्या. बाळासाठी मशीनपेक्षा मच्छरदाणी बरी, आणि दिवसाच्या झोपेतही लावा, एडिस दिवसाचाच आहे. औषध लावलेली मच्छरदाणी मिळाली असेल तर साध्या साबणानं हलक्या हातानं धुवा, सावलीत वाळवा, आणि भोक पडलं तर लगेच शिवून टाका.