अल्फाफोल्डच्या रचनेला प्रबंधात ‘अचूक’ म्हणावं का?

गोव्यातल्या रायबंदरच्या मिठागरातल्या सूक्ष्मजीवाचं एन्झाइम, त्याची रचना अल्फाफोल्डने (अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाची त्रिमितीय रचना वर्तवणारं एआय मॉडेल) काढलेली, सरासरी पीएलडीडीटी (मॉडेलची खात्री सांगणारा १०० पैकी आकडा) ८४, मग प्रबंधात रचना अचूक लिहू का, असं तुम्ही विचारलंय. नका लिहू. ‘भाकीत रचना’ लिहा.

२०२० च्या कॅस्प-१४ मध्ये, म्हणजे रचना वर्तवण्याच्या जागतिक चाचणीत, अल्फाफोल्डचा मध्यक जीडीटी (रचना किती जुळते याचे १०० पैकी गुण) ९२.४ आला, तो प्रयोगातून मिळालेल्या, तोवर जाहीर न झालेल्या रचनांशी ताडून. तुमच्या एन्झाइमची तशी रचना कुठे आहे? पीएलडीडीटी हा मॉडेलचा स्वतःबद्दलचा अंदाज. तोही दर अमिनो आम्लाला वेगळा, त्यामुळे सरासरीत कच्चे भाग लपतात. ७० च्या वर कणा सहसा भरवशाचा, ९० च्या वर बाजूच्या साखळ्याही बहुधा बरोबर. ५० च्या खालची शेवयांसारखी लोंबणारी साखळी रचना म्हणून वाचूच नये.

रचनेची चित्रं काढायच्या पायमोल या सॉफ्टवेअरमध्ये जपा. स्फटिकावरून काढलेल्या फाइलीत बी-फॅक्टरच्या रकान्यातला मोठा आकडा म्हणजे अणूची जागा डळमळीत. अल्फाफोल्ड त्याच रकान्यात पीएलडीडीटी भरतं, तिथे मोठा आकडा म्हणजे खात्री जास्त. नेहमीचे रंग तसेच लावलेत तर चित्राचा अर्थ नेमका उलटा होतो, आणि परीक्षकाच्या ते लगेच लक्षात येतं.

एन्झाइमाला दोन डोमेन (स्वतंत्र घडीचे भाग) असतील तर पीएईचा आलेख आधी काढा; दोन जागा एकमेकींच्या संदर्भात किती चुकल्या असू शकतात ते तो दाखवतो, गडद म्हणजे चूक कमी. कर्णावर दोन गडद चौकोन आणि बाहेर सगळं फिकट असेल, तर प्रत्येक डोमेन आपापल्या जागी ठीक, पण एकमेकांच्या संदर्भात ती कशी बसलीत ते नक्की नाही. सक्रिय स्थान (जिथे एन्झाइमची क्रिया घडते ती जागा) त्या दोहोंच्या फटीत असेल तर डॉकिंगच्या, म्हणजे तिथे रेणू कसा बसेल ते संगणकावर बघण्याच्या, मागे लागू नका.

तुमच्या कामात खरा मुद्दा मिठाचा आहे. मीठप्रेमी प्रथिनांच्या पृष्ठभागावर अस्पार्टेट आणि ग्लुटामेट ही ऋणभारित अमिनो आम्लं भरपूर असतात, आणि त्यातली बरीच प्रथिनं कमी मिठात उलगडतात. अल्फाफोल्डला आपण देतो तो क्रम. द्रावणात मीठ किती, हे सांगायची सोयच नाही. म्हणजे ८४ च्या जागी ९६ आले असते तरी एन्झाइम किती मिठात टिकतं हे कळलं नसतं. ते प्रयोगशाळेतच बघावं लागेल: सोडियम क्लोराइड टप्प्याटप्प्याने कमी करत सक्रियता मोजा. सोबत ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाची फ्लुओरेसन्स घ्या, घडी उलगडली की ती बदलते. सीडीवर (ध्रुवित प्रकाशाच्या शोषणावरून घडी बघायची पद्धत) विसंबू नका, इतकं क्लोराइड असलं की दूरच्या अतिनील पट्ट्यात तेच प्रकाश शोषून घेतं.