किल्ला बघायला वर नाही, खाली बघा

प्रश्न : माझी भाची युक्रेनमधल्या चेर्निव्त्सीला एमबीबीएस शिकत होती. तिथून ती मैत्रिणींबरोबर कामेनेत्स-पोदिल्स्कीला जाऊन आली. त्या किल्ल्याचे फोटो पाहिल्यापासून मला ध्यास लागलाय. तुम्ही तिथे गेल्याचं मागे लिहिलं होतंत. माझं वय ६१, गुडघे ठीक आहेत. कधी, कसं जावं?
— एक वाचक, सातारा

उत्तर : कडू ते आधी सांगते : आत्ता नको. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद आहे. हे गाव आघाडीपासून लांब, पश्चिमेला असलं तरी हल्ल्याचा भोंगा तिथेही वाजतो. त्यात युद्ध चालू असलेल्या देशात नेहमीचा प्रवासविमा सहसा कामाचा नसतो. शिवाय त्यांच्या घरात ही वेळ असताना आपण हौसेने पाहुणे म्हणून जाणं मला तरी बरं वाटत नाही.

पण ध्यास सोडू नका. मी २०१८ च्या सप्टेंबरात चेर्निव्त्सीहूनच गेले होते, मार्श्रुत्काने, म्हणजे आपल्या वडापचीच तिकडची बहीण. साधारण दोन तास लागले.

मी बावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि सुट्ट्या सह्याद्रीत घालवल्या. किल्ला म्हटलं की मान वर जाते. इथे खाली बघायचं. गाव सपाटीवरच आहे, पण स्मोत्रिच नदीने खडक खोल कापत त्याला जवळजवळ पुरता वळसा घातलाय. खंदक आयताच! जिथे वळसा मिटत नाही त्या चिंचोळ्या जागी पूल, आणि पुलापलीकडे किल्ला. आमच्या वर्गात नदीचं वळण शिकवायला मी फळ्यावर किती रेघा मारल्या असतील. हे एक चित्र पुरलं असतं.

१६७२ च्या फेब्रुवारीत साल्हेरला आपले लोक मोगलांशी लढले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तुर्कांचा सुलतान चौथा मेहमेद फौज घेऊन जातीने इथे आला आणि तेव्हा पोलंडकडे असलेलं हे गाव पडलं. १६९९ पर्यंत तुर्कांचा अंमल होता. त्यांनी कॅथलिकांच्या मुख्य चर्चची मशीद केली, शेजारी मिनार बांधला. पोलिश परतले, मशिदीचं पुन्हा चर्च झालं. मिनार मात्र पाडला नाही. १७५६ मध्ये त्याच्या टोकावर मेरीची मूर्ती बसवली. मी त्या अंगणात तासभर बसले. किल्ल्यापेक्षा मला तेच जास्त आवडलं, हे दुर्गप्रेमींनी माफ करावं.

जाल तेव्हा रबरी तळव्याचे बूट घाला. जुन्या गावातली फरसबंदी पावसात तेलकट होते. मी भर चौकात बसकण मारली होती. जेवायला वारेनिकी मागा, बटाट्याचे नको, चेरीचे. आकार करंजीचा, पण उकडलेले, वर घट्ट आंबट साय.

किल्ल्यातल्या एका बुरुजात खडकात कोरलेली विहीर आहे, तिच्यावर पाणी ओढायचं भलंमोठं लाकडी चाक. तोवर भाचीला विचारून ठेवा, तिने ते पाहिलं का. घाईत फोटो काढणारे बुरुजाच्या दारातूनच परततात.