पेटी सॅम्पलरमध्ये बसवताना

प्रिय मित्रा,

३७ पट्ट्यांचं रेकॉर्डिंग सॅम्पलरमध्ये (रेकॉर्ड केलेले सूर कीबोर्डवरून वाजवणाऱ्या प्रोग्राममध्ये) टाकलं, पण वाजवल्यावर पेटी खेळण्यातली वाटते, असं तू लिहिलंस. तुझं रेकॉर्डिंग चांगलं आहे, घोटाळा मॅपिंगमध्ये, म्हणजे कोणतं रेकॉर्डिंग कोणत्या पट्टीवर आणि कसं वाजेल या मांडणीत आहे. सॅम्पलर उघडताच जी मांडणी मिळते ती पियानो डोळ्यांपुढे ठेवून केलेली असते, आणि पेटी तशी वागत नाही.

आधी व्हेलॉसिटी, म्हणजे पट्टी किती जोरात दाबली त्याचा आकडा, बघ. पेटीची पट्टी हळू दाब की जोरात, आवाज भात्यावर ठरतो. म्हणून व्हेलॉसिटीचा आवाजावरचा परिणाम शून्य कर. एसएफझेड फाइल (मॅपिंगची साधी मजकूर फाइल) हाताने लिहीत असशील तर त्यासाठी 'अँप व्हेलट्रॅक' (amp_veltrack) आहे. ते लिहिलं नाही तर १०० धरलं जातं. आवाज सीसी ११ ला, म्हणजे वाजवताना आवाज कमी-जास्त करणाऱ्या एक्स्प्रेशन या मिडी कंट्रोलला जोड आणि तो डाव्या हाताखालच्या स्लायडरने चालव. तोच तुझा भाता.

मग झोन, म्हणजे एक सॅम्पल (एका पट्टीचं रेकॉर्डिंग) किती पट्ट्यांवर वाजेल ते. दर चौथी पट्टी घेऊन मधल्या जागा ताणून भरायचा मोह होतो. तीन सेमिटोन (लागोपाठच्या तीन पट्ट्या) वर ताणलं तरी सॅम्पल सुमारे १९ टक्के जास्त वेगाने वाजतं. खर्ज (खालच्या सप्तकाची) आणि नर (मधल्या सप्तकाची) रीड एकत्र वाजताना जी संथ लहर ऐकू येते, तीही तेवढीच घाईची होते. शेजारच्या दोन पट्ट्यांवर दोन वेगळ्या लहरी आल्या की कान लगेच ओळखतो. पेटी गांधार ट्यूनिंगची, म्हणजे एकाच सा ला धरून स्वर शुद्ध लावलेली असेल तर आणखी अडचण. शुद्ध गांधार पियानोच्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे सेमिटोनचा शंभरावा भाग) उतरलेला असतो. तो ताणून मध्यमावर नेलास तर मध्यमही तेवढाच उतरतो. म्हणून प्रत्येक पट्टीला तिचंच सॅम्पल दे. १० सेकंदांचं, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ सॅम्पल साधारण २.९ एमबीचं होतं. ३७ मिळून १०७ एमबीच्या आसपास. एवढ्यासाठी काटकसर नको. अशा गांधार ट्यूनिंगच्या पेटीची पट्टी, म्हणजे सा, बदलायची असेल तर मिडी नोट्स (संगणकाला जाणारे स्वरांचे आकडे) वर-खाली सरकवू नकोस, सगळ्या वाद्याचं ट्यूनिंग एकदम सरकव. नाहीतर सा हलतो आणि गांधार जुन्याच जागी राहतो.

फाइलच्या नावात सप्तकाचा आकडा लिहू नकोस, मिडी नंबर लिही. ६० नंबरच्या स्वराला एबलटन लाइव्ह हा संगीताचा प्रोग्राम सी-३ म्हणतो आणि एफएल स्टुडिओ सी-५. त्यामुळे नावावरून आपोआप मॅपिंग केलं की सगळी पेटी एक-दोन सप्तकं सरकते. तुझी पेटी ४८ ते ८४ मध्ये बसते. मधल्या सप्तकातली काळी एक म्हणजे ६१. आकडा तीन अंकी ठेव, ०६१ असा, म्हणजे यादीत क्रम बिघडत नाही. नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मोकळ्या जागेविना. शार्पचं चिन्ह (#) टाळ, काही प्रोग्राम त्यावर अडतात.

आता लूप, म्हणजे सूर धरून ठेवला की पुन्हा पुन्हा वाजणारा सॅम्पलचा तुकडा. खरी मेहनत इथेच आहे. पट्टी दाबल्यावर रीड स्थिर व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिले दोन-तीन सेकंद लूपमध्ये घेऊ नकोस. पुढे लहर मोज. १० सेकंदांत १२ वेळा फुगत-ओसरत असेल तर एक लहर ०.८३ सेकंदाची. लूप पूर्ण लहरींचाच हवा: तीन लहरी म्हणजे २.५ सेकंद, ४८ किलोहर्ट्झला १,२०,००० सॅम्पल (इथे सॅम्पल म्हणजे रेकॉर्डिंगमधला एकेक मोजलेला बिंदू). अर्ध्या लहरीवर तोडलास तर दर फेरीला हिसका बसतो, आणि कितीही क्रॉसफेड (एक टोक विरत असताना दुसरं वर आणणं) दिला तरी तो लपत नाही. क्रॉसफेड १०० ते २०० मिलिसेकंद पुरे. सांध्याची दोन टोकं जवळपास सारखी असतील तर सरळ रेषेचा क्रॉसफेड घे. समान शक्तीच्या वक्राने तिथे आवाज ३ डीबीपर्यंत फुगतो. लूप करूनही सूर हेलकावत असेल तर त्या पट्टीचं रेकॉर्डिंग पुन्हा कर. भात्याचा दाब वाढला की रीड किंचित उतरते, आणि ते नंतर दुरुस्त करणं फार किचकट आहे.

सुरुवात घट्ट काप. पुढे २० मिलिसेकंद शांतता राहिली तर पेटी तेवढी मागे पडते. प्रत्येक फाइल वेगळी नॉर्मलाइज करू नकोस (म्हणजे प्रत्येकीचा आवाज आपोआप सारख्या उंचीला आणू नकोस), त्याने खालच्या आणि वरच्या पट्ट्यांमधलं मूळ नातं मोडतं. सगळ्यांचा आवाज एकाच प्रमाणात वाढव, म्हणजे एकच गेन दे.

भात्याचा सुस्कारा प्रत्येक सॅम्पलमध्ये राहिला तर चार पट्ट्या दाबल्यावर चार भाते ऐकू येतात. गोंगाट ६ डीबीने वाढतो. म्हणून माइक भात्यापासून दूर, रीडच्या बाजूला ठेव. नुसत्या भात्याचं अर्धं मिनिट वेगळं घे आणि तो एकच आवाज सगळ्या पेटीखाली हळू चालू दे. पट्टी सुटतानाची 'खट्' ही वेगळी, रिलीज सॅम्पल म्हणून लाव.

मूळ रेकॉर्डिंगला हात लावू नकोस, कापाकापी प्रतीवर कर. मॅपिंगची फाइल आणि सॅम्पलचं फोल्डर एकाच जागी ठेव आणि पथ सापेक्ष (पूर्ण पत्ता न देता मॅपिंगच्या फाइलपासून मोजलेला) दे, नाहीतर दुसऱ्या संगणकावर एकही सॅम्पल सापडणार नाही.

सगळ्या ३७ एकदम करायला बसू नकोस. काळी एकची एकच पट्टी लूपसह पूर्ण कर आणि सूर दोन मिनिटं धरून ठेवल्याचं रेकॉर्डिंग मला पाठव. सांधा ऐकू येतो का ते बघू, मग बाकीच्या ३६.