मेल अलर्ट लावताना एवढं बघ

भावा, रोज सकाळी दहा साइट उघडून निकाल, भरती, टेंडर शोधत बसू नकोस. गूगल अलर्ट्स ही सेवा फुकट आहे: तू दिलेल्या शब्दाचं नवं पान गूगलला सापडलं की तुला मेल येतो. शब्द टाकायचा, मेल पत्ता द्यायचा, झालं.

खरी गंमत शब्द निवडण्यात आहे. नुसतं कोल्हापूर टाकलंस तर चप्पल, मिसळ, राजकारण सगळं येऊन इनबॉक्स भरेल. नेमका शब्दसमूह हवा असेल तर तो अवतरणचिन्हांत घाल: "शिवाजी विद्यापीठ" निकाल. नको असलेल्या शब्दाआधी वजाचं चिन्ह लाव, मधे जागा न सोडता: कोल्हापुरी -चप्पल. मराठी बातम्यांसाठी देवनागरीत एक आणि इंग्रजीसाठी रोमन लिपीत दुसरा, असे वेगळे अलर्ट ठेव. पर्यायांत भाषा, प्रदेश आणि मेल किती वेळा यावा हेही ठरवता येतं. मी म्हणेन दिवसातून एकदाच. लगेच कळवा हा पर्याय निवडलास की वेळ वाचायचा राहतो बाजूला, दिवसभर फोनच बघत बसशील.

हे मेल वेगळ्या लेबलखाली जातील असा फिल्टर जीमेलमध्ये लाव. बँकेचे व्यवहाराचे अलर्ट मात्र इनबॉक्समध्येच येऊ देत, ते ताबडतोब दिसायला हवेत.

आणि पावसाळ्यात पंचगंगेच्या पाण्यासाठी यावर विसंबू नकोस. गूगलला नवं पान सापडलं तरच मेल येतो. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. तिथली पातळी जिल्हा प्रशासनाच्या माहितीतूनच बघायची.